दिवाळीचे उरलेले कंदील मार्केटप्लेसच्या गोडाऊनमध्ये पडलेत, लाँग टर्म स्टोरेज लागायच्या आत काय करू?

परळची_कंदीलवाली

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून घडीचे आकाशकंदील बनवतो, परळला घरीच, आजूबाजूच्या पाच-सहा बायका मदतीला असतात. माल सगळा ऑनलाइन मार्केटप्लेसच्या भिवंडीच्या गोडाऊनला पाठवतो, ऑर्डर आली की तिथूनच तो पॅक होऊन गिऱ्हाइकाकडे जातो. गेल्या वर्षी ५ सप्टेंबरला ४०० नग आत गेले, मग नवरात्रात ऑर्डरी जोरात यायला लागल्या म्हणून ३ ऑक्टोबरला अजून २०० गेले. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून डिलिव्हरीची तारीख दिवाळीनंतरची दिसायला लागली आणि विक्री जागच्या जागी बसली. ३८० गेले, २२० शिल्लक.

आता फेब्रुवारी अर्धा संपला आणि मेसेज आलाय की १८० दिवसांपेक्षा जुन्या मालावर ४ मार्चपासून लाँग टर्म स्टोरेज लागेल, महिन्याचं नेहमीचं स्टोरेज वेगळं. माझ्या रेट कार्डात नेहमीचा दर घनफुटाला महिना ४५ रुपये आहे, वर जीएसटी. कंदील आम्हाला सगळं धरून १४० ला पडतो, सीझनमध्ये ३९९ ला विकतो.

जाऊ म्हणते राहू दे तिथेच, पुढच्या दिवाळीला लागतीलच, परत आणायचे नि परत पाठवायचे म्हणजे दोन्हीकडून टेम्पो नि हमाली. मला वाटतं परत मागवावे, पण आमच्या चाळीतल्या खोलीत पोटमाळा आधीच काठ्या नि कागदाने भरलाय. तिसरा पर्याय म्हणजे १४९ ला लावून तिथेच संपवायचे. आणि डिस्पोज म्हणून एक बटण आहे, म्हणजे माल तिथेच नष्ट करायचा, ते दाबायची माझी तरी इच्छा नाही, एकेक झिरमिळी बायकांनी हाताने चिकटवलीये. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.

चारकोपचा_गाळा

ताई, २२० च्या २२० वर ४ मार्चला फी लागणार नाही. मालाचं वय मोजताना फर्स्ट इन फर्स्ट आउट धरतात, म्हणजे शेल्फवरून प्रत्यक्षात कुठला नग उचलला याच्याशी हिशोबाला घेणंदेणं नसतं, आधी आलेला आधी गेला असं पकडतात. तुमचे ३८० गेले ते सगळे सप्टेंबरच्या ४०० मधले मोजले जाणार. मग ४ मार्चला १८० दिवस भरतात ते फक्त २० नगांचे, बाकीचे २०० ऑक्टोबरचे, त्यांचे दिवस १ एप्रिलला भरतात. इन्व्हेंटरी एजचा रिपोर्ट काढा, त्यात ० ते ९०, ९१ ते १८०, १८१ ते २७० असे खाने असतात, कुठल्या खान्यात किती नग ते कळेल. हे एकाच एसकेयूपुरतं, म्हणजे मालाच्या एकाच कोडपुरतं हं, रंगाप्रमाणे वेगळे एसकेयू केले असतील तर प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

यातून एक लक्षात घ्या, नवीन माल पाठवला म्हणून जुन्याचं वय कमी होत नाही. पुष्कळ जणांना वाटतं थोडे ताजे नग घातले की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, तसं काही नाही.

आता जाऊबाईंचं म्हणणं. मी पावसाळी माल विकतो, रेनकोट, बॅगेची कव्हरं, म्हणजे माझा सीझन तर कंदिलाहून लहान, त्यामुळे हा हिशोब मी दरवर्षी मांडतो. लाँग टर्मची फी बाजूला ठेवा, नुसतं नेहमीचं भाडं बघा. एका बॉक्सचं माप काय? लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, २८,३१७ ने भागा, घनफूट येतात. माप तुमच्याकडचं नाही, पोर्टलवर त्यांनी नोंदवलेलं घ्या. ते टाका इथे, मग बोलू.

परळची_कंदीलवाली

आमचा बॉक्स ४५ बाय ४५ बाय ५ आहे. आत्ता पोर्टलवर पाहिलं तर तिथे ४७ बाय ४७ बाय ८ दिसतंय!

चारकोपचा_गाळा

मला हेच वाटलं होतं. तारेच्या कड्यांचा कंदील घडी करून दाबून बसवला तरी तो आतून पुठ्ठ्याला ढकलत राहतो, दोन आठवड्यांत बॉक्सचं पोट फुगतं आणि मशीन फुगलेलं पोट मोजतं. तुमच्या मापाने एक नग ०.३६ घनफूट, त्यांच्या मापाने ०.६२. म्हणजे २२० नगांचे एकीकडे जवळपास ७९ घनफूट, दुसरीकडे १३७. ४५ च्या दराने महिन्याला ३,५४० रुपये होतात की ६,१७८, एवढा फरक, जीएसटी सोडून. पुन्हा माप घ्यायची रिक्वेस्ट टाका, बॉक्सवर टेप लावून फोटो जोडा. आणि पुढच्या वेळी बॉक्सला मधोमध एक पट्टी मारा, साधी स्ट्रॅप, दोन रुपयांचं काम आहे.

आता मार्च ते सप्टेंबर सात महिने तिथे ठेवायचं म्हटलं तर त्यांच्या मापाने एका नगाला महिना २८ रुपये, सात महिन्यांचे जवळपास १९७. कंदील तुम्हाला पडतो १४० ला! माप दुरुस्त झालं तरी ११३ होतात. आणि ही लाँग टर्म फी लागायच्या आधीची गोष्ट. जाऊबाईंना एवढा एकच आकडा दाखवा. त्या गोडाऊनचं भाडं वीस-पंचवीस दिवसांत फिरणाऱ्या मालासाठी आहे. तुमचा कंदील वर्षातून सहा आठवडे विकला जातो, त्याने बाकीचे शेहेचाळीस आठवडे तिथे बसायचं काही कारण नाही.

लेखापाल_ठाणे

वरचा हिशोब बरोबर. मी थोडं जीएसटीचं सांगतो कारण रिमूव्हल ऑर्डर, म्हणजे माल परत मागवायची ऑर्डर, टाकताना लोक हे बघतच नाहीत.

भिवंडीचं ते गोडाऊन तुमच्या महाराष्ट्राच्या नोंदणीत अ‍ॅडिशनल प्लेस ऑफ बिझनेस (व्यवसायाची जादा जागा) म्हणून जोडलेलं असणार, नाहीतर माल आत घेतलाच नसता. मग तिथून परळला माल परत येणं म्हणजे आपल्याच एका जागेहून दुसऱ्या जागेला हलवणं, ती विक्री नाही, कर लागत नाही, डिलिव्हरी चलनावर काम होतं. महाराष्ट्रात राज्यांतर्गत माल हलवताना ई-वे बिल १ लाखाच्या वर लागतं, तुमचे २२० नग १४० च्या हिशोबाने तीसेक हजारांचे, तो प्रश्न नाही. पण एक तपासा, माल सगळा भिवंडीतच आहे ना? सीझनमध्ये काही मार्केटप्लेस माल दुसऱ्या राज्यात हलवतात. हरियाणा किंवा कर्नाटकात तुमची वेगळी नोंदणी असेल तर कायद्याने ती वेगळी व्यक्ती धरतात, तिकडून इकडे माल आणताना आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लावून बिल करावं लागतं, आणि आंतरराज्य ई-वे बिलाची मर्यादा ५० हजार.

डिस्पोजचं बटण दाबत नाही म्हणालात ते चांगलं, त्याला पैशाचंही कारण आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, नष्ट केलेल्या, राइट ऑफ केलेल्या किंवा भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. कागद, तार, बॉक्स यावर जे क्रेडिट घेतलंय ते या नगांपुरतं उलटवावं लागेल. डिस्पोजची फी स्वस्त दिसते म्हणून लोक ते निवडतात आणि मार्चअखेर मी त्यांच्या पुस्तकात रिव्हर्सल टाकत बसतो. कुठल्या संस्थेला फुकट दिले तरी तेच कलम.

उलट स्टोरेज फीवर लागलेला १८ टक्के जीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून मिळतो, रेग्युलर नोंदणी असेल तर. दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरच्या २बी विवरणात त्यांचं बिल आलंय का बघत जा, ही रक्कम छोटी म्हणून सुटते आणि वर्षाची मोठी होते.

अजून एक, ३१ मार्च जवळ आलाय. शिल्लक माल पुस्तकात धरताना खर्चाची किंमत किंवा विकून हातात येणारी निव्वळ रक्कम यातलं जे कमी असेल ते धरायचं. कंदील पुढच्या दिवाळीला विकण्यासारखे असतील तर १४० धरा. कागद पिवळा पडलेले, कड्या वाकलेले असतील तर ते वेगळे काढून कमी किमतीला धरा. त्यासाठी तरी माल ३१ मार्चच्या आधी डोळ्यासमोर आलेला बरा.

समईवाला

मी पितळी दिवे नि समया अमेरिकेत विकतो, तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या गोडाऊनमध्ये माल ठेवून. तिथला अनुभव तुम्हाला उपयोगी पडेल, कारण तिथे जे आधी येतं ते इथे नंतर येतं असं माझं निरीक्षण आहे.

२०१८ पर्यंत तिकडे लाँग टर्म फी वर्षातून दोनदाच लागायची, १५ फेब्रुवारी आणि १५ ऑगस्ट. सहा महिन्यांवरच्या मालाला घनफुटाला ११.२५ डॉलर, वर्षावरच्याला २२.५०. तेव्हा लोक त्या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवायचे आणि आदल्या महिन्यात सगळे मिळून भाव पाडायचे, त्यामुळे एकाच वेळी सगळ्यांचा माल स्वस्त आणि कोणाचाच जात नाही. सप्टेंबर २०१८ पासून ती महिन्याची झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा ते बारा महिन्यांवरची फी काढून टाकली, लोक निवांत झाले, आणि एप्रिल २०२३ पासून परत १८१ दिवसांपासून सुरू, आता जसजसं वय वाढेल तसा चढता दर. नावही बदललं, एज्ड इन्व्हेंटरी सरचार्ज म्हणतात. दर महिन्याला १५ तारखेला जो माल आत असेल त्यावर मोजतात. म्हणून माझं ऐका, इथेही या वर्षीचं रेट कार्ड बघून पुढच्या वर्षीचा हिशोब मांडू नका.

दुसरी गोष्ट, तिकडे नेहमीचं भाडंसुद्धा ऑक्टोबर ते डिसेंबर वेगळं असतं. २०२४ मध्ये साध्या आकाराच्या मालाला एप्रिल ते सप्टेंबर घनफुटाला ०.७८ डॉलर आणि शेवटच्या तीन महिन्यांत २.४०, म्हणजे तिपटीहून जास्त. नेमका आपल्या दिवाळीचा काळ.

आणि तुम्ही नशीबवान आहात की माल परत मागवायला परळचा पत्ता आहे. माझा माल मुंबईला परत येत नाही, अमेरिकेतला पत्ता द्यावा लागतो. तिथे नातेवाईक नसेल तर भाड्याचं गोडाऊन धरा, नाहीतर घाऊकवाल्याला मिळेल त्या भावाला द्या. २०१९ पासून तिथे शिल्लक माल संस्थांना दान देण्याची सोयही आहे, पण साडेतीन किलोची समई दान जाताना बघणं जिवावर येतं. भिवंडी दोन तासांवर आहे, त्याचा फायदा घ्या.

वसई_डेकोर

मी थोडं वेगळं म्हणतो. सगळे परत मागवायची घाई करू नका, पण १४९ ला तर बिलकुल लावू नका. दोन कारणं. एक म्हणजे १४९ मधून कमिशन, क्लोजिंग फी, वजनाप्रमाणे शिपिंग कापून हातात काय येतं ते काढून बघा, ४७ चा बॉक्स आहे तुमचा, व्हॉल्यूमेट्रिक, म्हणजे बॉक्सच्या आकारावरून काढलेलं, वजन धरतात, त्यात तीसचाळीस रुपयेही उरणार नाहीत, आणि एक जरी रिटर्न आला तरी चार नगांची कमाई गेली. दुसरं म्हणजे फेब्रुवारीत आकाशकंदील कोणी शोधतच नाही, किंमत कितीही खाली आणा, गरज नसलेल्या गिऱ्हाइकाला ती दिसणारच नाही. भाव पाडून माल तेव्हाच जातो जेव्हा मागणी थोडी का होईना असते.

मग मागणी कुठे आहे ते बघा. कंदिलाचा आकार कुठला आहे? चांदणी असेल तर तो वसई, वांद्रे, गोव्याकडे डिसेंबरमध्ये नाताळचा तारा म्हणून जातो, फक्त फोटो नि टायटल बदलून. आमच्याकडे दिवाळी संपली की त्याच दोरीवर तारे चढतात. या वेळचा नाताळ गेला, पण पुढच्या वेळी दिवाळीत उरलेले लगेच काढून न घेता त्यातले काही डिसेंबरसाठी ठेवायला हरकत नाही, १८० दिवस भरत नाहीत तोवर. गोल किंवा षटकोनी असेल तर लग्नाचं डेकोरेशन करणारे घेतात, पन्नास पन्नास नग एका रंगात लागतात त्यांना, आणि एप्रिल-मे त्यांचा सीझन. ते ऑनलाइन एकेक घेत नाहीत, त्यांना फोन करावा लागतो. दादरला नि क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटला सजावटीची जी दुकानं आहेत तिथे एक नमुना घेऊन जा.

चारकोपचा_गाळा

वसईकरांचं डेकोरेशनवालं म्हणणं पटलं, पण त्यासाठीही माल हातात पाहिजे, भिवंडीत पडलेला नमुना दुकानदाराला कसा दाखवणार. माझं मत तेच, १ एप्रिलच्या आत बाहेर काढा. आणि रिमूव्हल ऑर्डर आत्ताच टाका, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. माल शोधून, गोळा करून, बाहेर पडायला आठवडे जातात. फी थांबवताना ऑर्डर टाकल्याची तारीख धरतात की माल दारातून बाहेर पडल्याची, ते पॉलिसीत वाचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

जागेचं म्हणाल तर २२० नग बॉक्ससकट ठेवायचे तर तुमच्या मापाने दोन-सव्वादोन घनमीटर जागा लागते, एक मोठं कपाट समजा. चाळीत नसेल जमत तर काल्हेर, मानकोलीला लहान विक्रेते गाळ्यातला कोपरा पोटभाड्याने घेतात, ओळखीने मिळतो. फक्त तळमजला असेल तर नीट चौकशी करा, कामवारी नदीला पूर आला की भिवंडीच्या सखल भागात पाणी शिरतं, माल पॅलेटवर आणि कागदाचा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत. कंदील बॉक्समधून काढून, दहाचे गठ्ठे बांधून, वर फळी ठेवून दाबलेत तर निम्म्या जागेत बसतील, बॉक्स वेगळे सपाट करून ठेवा.

परळची_कंदीलवाली

खूप खूप आभार सगळ्यांचे. रिपोर्ट काढला, अगदी २० आणि २०० असेच दिसतायत. माल सगळा भिवंडीतच आहे. माप पुन्हा घ्यायची रिक्वेस्ट टाकली. जावेला १९७ चा आकडा दाखवला, ती लगेच म्हणाली की परत मागव, माझ्या माहेरी करी रोडला माळा रिकामा आहे. कंदील षटकोनी आहेत, दोनच रंगांत, तेव्हा डेकोरेशनवाल्यांकडे उद्याच जाते, फोटो नि घरचे दोन नमुने घेऊन.

आता पुढच्या दिवाळीचं विचारते. ४०० नि २०० असे पाठवण्याऐवजी कसे पाठवायचे?

समईवाला

पंचांग बघून पाठवा. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे, सगळे सण पुढे गेलेत. गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तारखा धरून ५ सप्टेंबरला माल आत टाकलात तर तो अठरा दिवस जास्त बसणार, भाडंही तेवढं जास्त आणि उरला तर १८० दिवसही दिवाळीच्या मानाने लवकर भरणार. गणपती उठल्यावर पहिला लॉट, शंभर-दीडशेचा. मग दर आठवड्याच्या विक्रीप्रमाणे भर घाला. मात्र ऑक्टोबरमध्ये गोडाऊनच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत, गाड्या दारात दोन-दोन दिवस उभ्या असतात, म्हणून शेवटचा मोठा लॉट दसऱ्याच्या आत आत गेला पाहिजे. शेवटच्या आठवड्यासाठी पन्नासएक नग घरी ठेवा आणि तेवढे स्वतः शिप करा, तुम्हीच म्हणालात ना दोन-तीन दिवस आधी त्यांची डिलिव्हरी दिवाळीनंतरची दाखवायला लागली, तेव्हा मुंबईतल्या मुंबईत तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचवू शकता.

लेखापाल_ठाणे

आणि परत येणारा माल उघडताना व्हिडिओ काढा, बॉक्सवरचं लेबल दिसेल असा, सील तोडण्यापासून शेवटचा नग मोजेपर्यंत एकसलग. कमी निघाले किंवा त्यांच्याकडे असताना खराब झालेले निघाले तर क्लेम करता येतो, पण त्याला मुदत असते आणि ती माल हातात पडल्यापासून धावते. माळ्यावर ठेवून गणपतीत उघडू असं करू नका. नग मोजा, चांगले नि खराब वेगळे करा, यादी तुमच्या सीएला ३१ मार्चच्या आत द्या.

परळची_कंदीलवाली

रिमूव्हल ऑर्डर टाकली २२० ची. माल आला की किती चांगले निघाले ते इथेच लिहिते. डेकोरेशनवाल्यांनी पन्नासाच्या वर घेतले तर दर काय सांगू, २०० चालेल का?

वसई_डेकोर

नगाला २२० रुपये सांगा, २०० ला थांबा. बॉक्सशिवाय देणार असाल तर १८० पर्यंत परवडेल तुम्हाला, बॉक्स पुढच्या दिवाळीला वापरता येतील. बिल नक्की द्या आणि पैसे आगाऊ निम्मे घ्या, लग्नाच्या सीझनमध्ये त्यांची उधारी पावसाळ्यापर्यंत लांबते.